सोबत्याचा शेरा

आमच्या घरात दुखण्याचं खातं माझ्याकडे आहे. माझा उजवा गुडघा अकरा वर्षांपासून दुखतो आणि त्याची ताजी माहिती घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि पंचायत समितीतल्या सहकाऱ्यांना वेळच्या वेळी मिळेल याची मी काळजी घेतो. चारुशीलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बाकीची सगळी खाती आहेत. त्यामुळे २०३९च्या मार्चमध्ये मिरजेच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडून पहिल्या भेटीचा निरोप आला आणि त्यावर तिचं नाव होतं, तेव्हा मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

"चुकून तुझं नाव पडलंय," मी म्हणालो.

"चुकून कशाला? आपल्या डॉक्टरांनीच पाठवलंय. सकाळी बोटं जरा धरतात. रक्तात पण काहीतरी निघालं."

"मला बोलली नाहीस."

"बोलणार होते. तुम्ही गुडघ्याचं सांगत होता."

दुसऱ्या दिवशी तासगावात आमच्या घरी एक खोका आला. त्यात करड्या रंगाचा पातळ हातमोजा, गुडघ्यासाठी एक पट्टा (गरज असल्यास वापरावा) आणि तळहाताएवढा पडदा. हातमोज्याचं नाव 'कानोसा'. भेटीआधी चौदा दिवस तो रात्री झोपताना घालायचा आणि सकाळी उठल्यावर दोन तास काढायचा नाही.

कानोशाबद्दल मला आदर आहे, आणि तो पुढे घडलेल्या प्रकारानंतरही कमी झालेला नाही, म्हणून तो काय करतो ते नीट सांगतो. आपला प्रत्येक सांधा हलताना आवाज करतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण हातमोज्याच्या अस्तरात साबुदाण्याएवढे चौदा कान शिवलेले असतात, त्यांना येतो. निरोगी सांध्याचा आवाज तेल दिलेल्या बिजागरीसारखा असतो. म्हाताऱ्या, झिजलेल्या सांध्याचा करकर. आणि ज्या सांध्याचं आतलं अस्तर सुजलंय त्याचा आवाज गोधडीत तोंड घालून बोलणाऱ्या माणसासारखा, दबका. शिवाय हातमोजा प्रत्येक पेराची ऊब मोजतो आणि जाग आल्यापासून पहिली पूर्ण मूठ वळेपर्यंत किती वेळ गेला याची नोंद ठेवतो. निरोगी माणसाची मूठ चार-पाच सेकंदांत वळते. झिजलेल्या सांध्यांना दहा-वीस मिनिटं लागतात. तासाच्या वर गेलं, तर मामला वेगळा.

वेगळा म्हणजे असा: शरीराचं संरक्षण खातं चुकीच्या पत्त्यावर धाड टाकतं. जंतू समजून स्वतःच्याच सांध्यांचं अस्तर फोडत बसतं. सुरुवातीला नुसती सूज असते. वर्षभरात हाड कुरतडायला सुरुवात होते, आणि कुरतडलेलं हाड कुठलंही औषध भरून देत नाही. पण सुरुवातीच्या महिन्यांत, सूज आहे आणि हाड शाबूत आहे अशा वेळी, धाड टाकणाऱ्यांना परत बोलावता येतं. डॉक्टर त्या काळाला उघडी खिडकी म्हणतात.

आमच्या बाजूला या रोगाच्या तज्ज्ञ एकच, डॉ. नफीसा मुजावर, आणि वाट बघणारे शेकडो. पूर्वी जो जास्त विव्हळेल त्याचा नंबर आधी लागायचा. मी त्या पद्धतीत वाढलो आहे आणि तिचे फायदे मला ठाऊक आहेत. डॉक्टर मुजावरांनी ती मोडली. कानोसा चौदा दिवसांच्या नोंदीवरून तीन गट पाडतो. लाल म्हणजे दिलेल्या तारखेला या, पिवळा म्हणजे तीन महिन्यांनी, हिरवा म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे परत. माणसाने बोलायचं नाही, सांध्याने बोलायचं. न बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने उभं राहणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गुडघ्याचा पट्टा मी दोन दिवस लावला. पडद्यावर उमटलं: 'सांधा वयानुरूप. सूज नाही. चालणे वाढवावे.' चारुशीलाने ते एकदा वाचलं आणि पुन्हा कधीही विषय काढला नाही. हा तिचा मोठेपणा. मी असतो तर चौकट करून हॉलमध्ये लावलं असतं.

हातमोज्यासोबत सहा सूचना होत्या. पहिली होती: 'नेहमीसारखं वागा.'

आता चारुशीला अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्यातली नऊ वर्षं कुरणवाडीच्या शाळेची मुख्याध्यापिका. 'नेहमीसारखं' या शब्दाचा अर्थ तिला सांगावा लागत नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी वरून हेच कळवलं जातं, की आमच्यासाठी काही करू नका, नेहमीसारखं चालू द्या. मग शाळेला चुना लागतो, कुंड्यांना गेरू लागतो, आणि वर्षभर पेटीत असलेली मोजपट्टी भिंतीवर येते. मला हे माहीत आहे, कारण तसं कळवणारा मीच. मी शिक्षण विस्तार अधिकारी. तपासणीला जातो, चहा घेतो, शेरा लिहितो.

आमची ओळखही तशीच झाली. चोवीस वर्षांपूर्वी मी तिच्या तेव्हाच्या शाळेत तपासणीला गेलो. वर्गात आशिया खंडाचा असा नकाशा होता, की मी नवीन नोकरीतला असूनही ओळखलं, या शाळेच्या ऐपतीचा हा नव्हे. त्यासमोर पंचवीस वर्षांची एक शिक्षिका पहिलीतल्या पोरीला मांडीजवळ घेऊन बसली होती. पोरीच्या मुठीत पेन्सिल, आणि पोरीची मूठ बाईंच्या मुठीत. दोघी मिळून 'ग' गिरवत होत्या. मी वहीत 'उत्तम' लिहिलं आणि महिन्याभराने मावशीमार्फत विचारणा केली. लग्नानंतर तिच्या शाळेची तपासणी नियमाप्रमाणे दुसऱ्याकडे गेली. त्यानेही 'उत्तम' लिहिलं, पण त्याचा हेतू शुद्ध होता.

कानोशाच्या दहाव्या दिवशी मी माझी गोळी घ्यायला कपाट उघडलं. गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं. मी गुडघ्याबद्दल बोलतो भरपूर, गोळ्या घेतो क्वचित. पंधरा गोळ्या मी खाल्ल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर ती शेजारी नव्हती. स्वयंपाकघरात दिवा होता. कपडे वाळवायच्या दोरीला चिमट्याने हातमोजा टांगलेला, आणि चारुशीला ओट्यापाशी स्टुलावर बसलेली. दोन्ही हात मनगटापर्यंत गरम पाण्याच्या पातेल्यात.

"काय चाललंय?"

"मीठ घातलंय. मिठाने मोकळी होतात."

"रोज?"

"मग काय एक दिवस करून भागतंय?"

पडद्यावर मागच्या दहा सकाळी होत्या. जाग ५:१०. 'हात उपलब्ध नाही: ४२ मिनिटे.' 'हात उपलब्ध नाही: ४६ मिनिटे.' मग हातमोजा पुन्हा हातात, आणि पहिली मूठ सहा सेकंदांत. सगळ्या सकाळी अशा, ओळीने, गणवेशात.

"अगं, त्याला दुखणं दाखवायचंय," मी म्हणालो.

"तपासणीच्या आधी शाळा झाडतात का नाही?"

"झाडतात."

"मग? डॉक्टर बाई एवढं यंत्र पाठवतात, त्यांना काय घाण दाखवायची?"

"आणि गोळ्या?"

"तुमच्याच होत्या. पडून होत्या." तिने हात बाहेर काढले आणि पंच्याने टिपले. एकेक बोट, हळू. "खरंच काही असेल तर ते मिठाच्या पाण्याने थोडंच लपणारे?"

एका बाजूने पाहिलं तर याला तोड नव्हती. कानोसा बनवणाऱ्यांनी खोटं बोलणारे, रडणारे, विसरणारे सगळे धरले असतील. पण पहाटे पाचला उठून सांध्यांना चुना-गेरू लावणारी बाई त्यांच्या हिशेबात नव्हती. मधला वेळ बिचाऱ्या कानोशाने आंघोळ समजून सोडून दिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'संभाव्य गट: हिरवा.'

"हिरवा आलाय," ती म्हणाली. वर्गाचा निकाल सांगावा तशी.

"हिरवा म्हणजे ते तुला बघणारच नाहीत."

"म्हणजे विशेष काही नाही. बरंच झालं की."

मी तिला उघड्या खिडकीचं सांगितलं. हाडांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाली. आमच्या घरात 'बघू' हा अंतिम आदेश असतो. त्यावर अपील नाही.

एकच जागा उरली होती. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर वीस ओळींची चौकट होती. मथळा: 'सोबत्याचा शेरा.' खाली डॉक्टर मुजावरांच्या नावाने एक वाक्य: 'हे पान यंत्र वाचत नाही, मी वाचते.' एवढं यंत्र उभं करून शेवटचं पान स्वतःकडे ठेवणारी बाई हुशार असली पाहिजे, असं तेव्हाच वाटलं.

मी पेन घेऊन बसलो. हाताने आपोआप लिहिलं: 'एकंदर प्रगती समाधानकारक.' ते खोडलं. सव्वीस वर्षांत मी चारशेवर शाळा पाहिल्या. गळकी टाकी, फुटका फळा, खिचडीतलं कमी तेल, सगळं पहिल्या पाच मिनिटांत माझ्या नजरेत भरतं. ते लिहायचं नाही हा भाग वेगळा. पण घरात मी पाहणी केलीच नव्हती. घरात मी गुडघा घेऊन बसलो होतो.

म्हणून रीतसर पाहणी सुरू केली.

कुरणवाडीच्या शाळेत सुप्रिया हंकारे नावाची तरुण शिक्षिका आहे. तिला फोन लावला.

"सर? तपासणी आहे का?" तिचा आवाज चिरका झाला. "आमच्याकडे सगळं नेहमीसारखं आहे."

"तपासणी आहे, पण शाळेची नाही. मॅडमच्या हाताचं काही बघितलंय का तुम्ही?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग, "मी सांगितलं म्हणून सांगू नका हं, सर."

"नाही सांगत."

"कुलूप मी उघडते. आधी मॅडम उघडायच्या. आणि पहिलीतल्या मुलांना गिरवायला मीच बसवते आता. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगतात, असं धर, तसं धर. स्वतः नाही धरत हात." ती थांबली. "डिसेंबरात एकदा धरला होता. एका मुलीने जोरात ओढला. मॅडम काही बोलल्या नाहीत, सर. नुसत्या वऱ्हांड्यात जाऊन उभ्या राहिल्या."

फोन ठेवला आणि मग माझी नजर जागी झाली. चारुशीलाच्या हातात बांगड्या नव्हत्या. कधीपासून? संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या फोटोत नव्हत्याच. सुजलेल्या पेरांवरून चढत नसणार. जानेवारीत तिने केस कापून खांद्यावर आणले होते. "उन्हाळा येतोय," म्हणाली होती, आणि जानेवारीत उन्हाळा कसा येईल हे मी विचारलं नव्हतं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. मला वाटायचं, थंडी. दुधाची पिशवी कात्रीने कापायची. पोळ्या, तिला पटणार नाहीत अशा जाडीच्या, बाहेरून येत होत्या आणि कारण माझं दिलं होतं: "यांना हल्ली मऊ लागतात."

एकोणीस ओळी झाल्या. एकही विशेषण नाही. माझ्या आख्ख्या नोकरीतला तो पहिला खरा शेरा होता, आणि तो मी घरच्या माणसाविरुद्ध लिहिला होता.

अडचण एकच होती. पान पाठवायला रुग्णाची संमती लागायची, पडद्यावर अंगठा दाबून.

संध्याकाळी तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावला. वह्या तपासते तसं वाचलं, ओळीखाली बोट धरून. मी बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत राहिलो.

"हे कुणी सांगितलं? सुप्रियाने?"

"सूत्रांचं नाव उघड करता येत नाही."

"चोवीस वर्षांपूर्वी 'उत्तम' लिहिलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि आता हा शेरा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

"काय?"

"आशियाचा नकाशा. शेजारच्या बस्तवड्याच्या शाळेचा होता."

तिने चष्मा काढला. "तुम्हाला कसं कळलं?"

"वाऱ्याने उलटा झाला होता. मागे शिक्का होता."

"मग लिहिलं का नाही?"

"तू छान बसली होतीस. मी नकाशाचं लिहिलं असतं तर तुझं काय झालं असतं?"

"काही नाही. शाळेला स्वतःचा नकाशा मिळाला असता," चारुशीला म्हणाली. "आम्ही पुढं सात वर्षं तो मागून आणत होतो."

 

तिने पान पुन्हा हातात घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "गिरवायचं तेवढं काढा. बाकी राहू दे. कप, बांगड्या, केस, काय लिहायचं ते लिहा. ते नको."

"तेच महत्त्वाचं आहे."

"म्हणूनच. कागदावर आलं की ते खरं होतं."

"चारू, कागदावर 'उत्तम' आलं म्हणून काही उत्तम झालं का कधी? मी चारशे ठिकाणी लिहिलंय."

तिला हसू आलं, पण अर्धंच. तिने हात पुढे केला आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. मला वाटलं, ओळ खोडते. तिने पहिल्या ओळीवर पेन टेकवलं. मी लिहिलं होतं, 'त्रास दिवाळीपासून असावा.' तिने 'दिवाळी' खोडलं आणि वर सावकाश लिहिलं, 'गणपती'.

"गणपतीपासून?"

"मोदक वळताना. पहिल्याच दिवशी." तिने पेन परत दिलं. "दिवाळीला तर चकल्या सोऱ्यातून पडेनात. त्या तुमच्या बहिणीने पाडल्या. तुम्ही म्हणालात, यंदा खुसखुशीत झाल्यात."

मग तिने पडदा ओढला आणि त्यावर अंगठा दाबला. दाबताना ओठ घट्ट मिटले. यंत्राने पुन्हा दाबायला सांगितलं. दुसऱ्यांदाही जोर पुरला नाही. मी तिच्या अंगठ्यावर माझा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून दाबला. संमती मिळाल्याचा आवाज झाला.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. गटाच्या जागी हिरवा होता. तो खोडून त्यावर हाताने लाल केलेला, आणि पुढे एक ओळ: 'बाई, उरलेले दिवस पाण्यात हात घालायचा नाही. नफीसा मुजावर.'

उरलेल्या दिवसांत पहिली मूठ वळायला एक तास पस्तीस मिनिटं लागली. त्या वेळात चहा मी केला. गुडघा दुखत होता की नाही ते आठवत नाही.

मिरजेला जाताना तिने इस्त्रीची साडी नेसली. सवयी एका शेऱ्यात जात नाहीत. डॉक्टर मुजावर चाळिशीच्या, बारीक चणीच्या, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणाऱ्या. त्यांनी चारुशीलाचा पंजा आपल्या पंजात घेऊन पेरांवर आडवा हलका दाब दिला.

"दुखलं?"

"ठीक आहे."

"बाई, मी तपासायला आलेले नाही. तुम्ही आलाय माझ्याकडे. दुखलं?"

"दुखलं," चारुशीला म्हणाली. आमच्या लग्नानंतर हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला तो सवयीचा होता, पण तिच्याकडून फार वेगळा वाटला.

डॉक्टरांनी पडद्यावर हाडांचं चित्र लावलं. अस्तर सुजलेलं, हाडांच्या कडा शाबूत. "गणपती ते आता, साडेसात महिने. खिडकी उघडी आहे, पण अर्धीच. आणखी तीन महिन्यांनी आला असता तर मी वेगळं बोलले असते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सकाळचे ते रिकामे पाऊण तास मला दिसले असते का, सांगता येत नाही. रोज तीनशे नोंदी येतात. तुमचा शेरा वाचून मी ते उघडले. कुठल्या खात्यात आहात?"

"शिक्षण. तपासणी."

"तरीच. नजर चांगली आहे."

चारुशीला खिडकीबाहेर बघत होती. तिने काही म्हणजे काही म्हटलं नाही. मघाशी म्हटलंच, मोठेपणा.

आठवड्याला एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, महिन्याला रक्त. पहिले पाच आठवडे काहीच फरक नाही. सहाव्यात मूठ चाळीस मिनिटांवर आली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पंचवीसवर होती. डॉक्टर म्हणाल्या, वेग चांगला आहे, पण पुढच्या भेटीआधी सोबत्याचा शेरा पुन्हा हवा.

म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी मी कुरणवाडीला गेलो, न कळवता. सव्वीस वर्षांत न कळवता गेलेली ही माझी पहिली तपासणी. भिंतीला चुना नव्हता. वऱ्हांड्यात चपलांचा ढीग, फळ्यावर कुणीतरी काढलेली म्हैस. सुप्रिया मला बघून उठायला लागली, मी हाताने खाली बसवलं आणि खिडकीशी उभा राहिलो.

पहिलीत अकरा मुलं. चारुशीलाने एका मुलीला मांडीजवळ घेतलं. मुलीच्या मुठीत पेन्सिल. बाईंचा हात थोडा वेळ हवेतच राहिला, आणि मग त्या मुठीवर आला. अक्षर पूर्ण झालं. दुसरी मुलगी आली. तिसरी. चौथी. पाचवीच्या वेळी तिने हात मागे घेतला, दोनदा झटकला आणि पुन्हा पुढे केला. सहाव्यापासून सुप्रियाने घेतलं.

संध्याकाळी घरी मी चौकट भरली: 'शाळेत अकरापैकी पाच मुलींचा हात धरून गिरवून घेतलं. पाचवीला दुखलं.' पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने वाचलं. पेन मागितलं, तीन बोटांत धरलं, आणि 'पाचवीला' खोडून वर लिहिलं, 'तिसरीलाच'.

अक्षर थोडं हललं होतं. मी त्यावर शेरा मारला नाही.